लेमन सेट: जमवायचा कसा, वापरायचा कसा

एक जग आणि सहा ग्लास. साठ ते नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या आहेरात लेमन सेट आला नाही असं क्वचितच घडलं असेल. बऱ्याच जणांकडे दोन-तीन आले. त्यातला एक शोकेसमध्ये गेला, एक खोकं न उघडताच पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात पडला आणि उरलेला माळ्यावर चढला. रोजच्या वापराला स्टील होतं. काच पाहुण्यांसाठी होती आणि पाहुणे आले की ‘फुटेल’ म्हणून ती पुन्हा आतच राहायची. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ही काच आजही धडधाकट अवस्थेत सापडते.

हल्ली तिला पुन्हा मागणी आली आहे. पिरंगुट-पौडपासून मुळशी धरणाच्या काठापर्यंत आणि पुढे ताम्हिणीकडे अनेकांनी शनिवार-रविवारची घरं बांधली. पुण्या-मुंबईहून चार माणसं येतात, व्हरांड्यात बसतात, गप्पा रंगतात. अशा वेळी मॉलमधल्या एकसारख्या ग्लासांपेक्षा जाड बुडाचे, कंगोऱ्यांचे जुने ग्लास पुढे केले की पाहुणा हमखास विचारतो, ‘हे कुठून आणलेत?’ ही हौस फारशी महाग नाही. मात्र दोन गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. पहिली, काच ओळखायची कशी. दुसरी, मुळशीच्या पावसात ती टिकवायची कशी. पहिलीबद्दल सगळे बोलतात, दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही.

आधी ठरवा, कशासाठी जमवायचं

संग्रह दोन प्रकारचे असतात. एक कपाटात बघण्याचा, दुसरा हातात धरण्याचा. इथे दुसऱ्याबद्दल लिहितो आहे. वापरायचं ठरलं की खरेदी आपोआप शहाणी होते. सहा माणसं एका वेळी येत असतील तर सहाचे दोन सेट पुरे. त्यात एक जग, पाण्याचे ग्लास, सरबताचे ग्लास, आइस्क्रीम किंवा फ्रूट सॅलडचे काचेचे बाऊल आणि एखादा मोठा काचेचा वाडगा असला की घरची मैफल भागते. यापुढे जे येईल ते हौसेचं.

काळही ठरवून घ्या. परदेशात साधारण १९४५ ते १९७५ हा या धाटणीच्या काचेचा काळ धरला जातो. आपल्याकडे मात्र फॅशन उशिरा पोहोचली आणि उशिरापर्यंत रेंगाळली. कारखान्यात तेच साचे वर्षानुवर्षं चालत. त्यामुळे १९८० च्या लग्नातला सेट दिसायला पंधरा-वीस वर्षांनी जुना वाटू शकतो. त्यात फसवणूक काही नाही, फक्त किंमत मोजताना भान ठेवावं.

ही काच आली कुठून

मुळशीच्या शेजारच्या मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे इथे, महाराष्ट्रातल्या काचधंद्याचा एक पाया घातला गेला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावात काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचं शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. माल काढण्याइतकंच तिथे कारागीर घडवण्यालाही महत्त्व होतं. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्याला पाठबळ दिलं आणि कारखान्याभोवतीच्या वस्तीचं नाव ओगलेवाडी पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. मुळशीच्या घरात वीज गेल्यावर लावायला एखादा जुना प्रभाकर कंदील मिळाला तर जरूर घ्यावा. फक्त त्याची काच मूळची आहे की नंतर बसवलेली, ते विचारून घ्यावं.

स्वातंत्र्यानंतर घरगुती ग्लासांच्या बाजारात बडोद्याच्या अ‍ॅलेम्बिक ग्लासचा ‘येरा’ हा ब्रँड घरोघरी पोहोचला. १९६२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बोरोसिलने अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या सहकार्याने उष्णता सोसणारी काच आपल्याकडे आणली. उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद बांगड्यांबरोबर फुंकून केलेल्या काचवस्तूही पुरवत होतं. जुन्या बाजारात हातात येणारी बरीचशी देशी काच याच वाटांनी आलेली असते.

परदेशी काच कमी दिसते, त्याला कारण आहे. स्वातंत्र्यानंतरची अनेक दशकं अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक बंधनं होती आणि त्यातली शेवटची २००१ मध्ये उठली. त्यामुळे चेकोस्लोव्हाकियाचे बाऊल किंवा फ्रान्सचे ग्लास आले ते बोटीवरच्या नोकरदारांच्या, परदेशी शिकून परतलेल्यांच्या आणि पुढे आखाती देशांत गेलेल्यांच्या सामानातून. अशा वस्तू एकट्या-दुकट्या सापडतात. पूर्ण सेट मिळाला तर नशीब.

दारूचे जुने ग्लास मराठी घरांत फारसे मिळत नाहीत, यालाही इतिहास आहे. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि दारू प्यायला परमिट लागे. मध्यमवर्गीय घरात पाहुणचार म्हणजे सरबत, पन्हं, पीयूष, कोकम. म्हणून आपल्याकडे लेमन सेट उदंड आहेत आणि उंच दांडीचे वाइन ग्लास विरळा. वाइन ग्लासच हवे असतील तर जुने क्लब, हॉटेलं आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या घरचं सामान जिथे विकायला येतं, तिकडे नजर ठेवावी.

काच बनते कशी आणि ती खूण कुठे दिसते

साधी काच तीन मुख्य जिनसांची: सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी. नुसती वाळू वितळवायला सतराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. सोड्यामुळे हे काम बरंच खाली, साधारण पंधराशे अंश सेल्सिअसवर होतं. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुन्याने तिला पक्केपणा आणतात. वाळूत लोह असलं की काचेला हिरवट झाक येते. तेव्हाच्या बऱ्याच देशी ग्लासांत ही झाक दिसते आणि बारीक बुडबुडेही दिसतात. काही जण हा दोष मानतात, पण जमवणाऱ्याला तीच ओळख.

लेमन सेटमधले बहुतेक ग्लास दाबून केलेले असतात. वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकतात आणि वरून दट्ट्या दाबतात. बाहेरची नक्षी साच्याची, आतला गुळगुळीतपणा दट्ट्याचा. साचा दोन किंवा तीन भागांचा असतो, म्हणून ग्लासच्या अंगावर उभी बारीक रेघ उमटते. ती साच्याच्या सांध्याची रेघ. बोट फिरवलं की लागते. दाबकामाच्या काचेची नक्षी कडांना किंचित गोलसर असते आणि साचा झिजला की ती आणखी बोथट होते.

फुंकून केलेल्या ग्लासची भिंत पातळ असते. साच्याशिवाय फुंकला असेल तर सांध्याची रेघ नसते आणि तळाला, जिथे लोखंडी कांबीवरून ग्लास मोडून घेतला, तिथे खरखरीत खूण किंवा घासून केलेली खळी दिसते. साच्यात फुंकलेल्या ग्लासला रेघ येते, पण बाहेरची नक्षी आतल्या बाजूलाही बोटांना जाणवते.

कटग्लास म्हणजे चाकावर घासून नक्षी कापलेली काच. तिच्या कडा टोकदार लागतात आणि उन्हात धरली की प्रकाश तुटून पसरतो. बाजारात ‘कटग्लास’ म्हणून जे विकतात, त्यातलं बरंच दाबकाम असतं. नखाने कड तपासली की फरक कळतो. क्रिस्टल म्हणजे शिसं घातलेली काच. युरोपीय नियमाप्रमाणे ‘लेड क्रिस्टल’ म्हणायला किमान २४ टक्के लेड ऑक्साइड लागतं. ती हाताला जड लागते आणि काठावर टिचकी मारली की नाद लांबतो.

आणखी एक प्रकार कडक केलेल्या, म्हणजे टेम्पर्ड काचेचा. तयार ग्लास पुन्हा तापवून पृष्ठभाग झपाट्याने थंड करतात. त्याने बाहेरची त्वचा दाबाखाली राहते आणि ग्लास जास्त धक्के सोसतो. फ्रान्सच्या ड्युरलेक्स कंपनीचा ‘पिकार्डी’ हा १९५४ चा ग्लास यातला जगप्रसिद्ध. असा ग्लास फुटला की धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात. ड्युरलेक्सच्या तळाला जो आकडा असतो तो साच्याचा क्रमांक. फ्रान्समधली शाळकरी मुलं तो आपलं वय म्हणून खेळतात, पण त्यावरून ग्लास किती साली केला ते ठरत नाही. इतर कंपन्यांच्या ग्लासांवरचे सुटे आकडेही बहुधा साच्याचेच असतात.

एक ग्लास तपासायचा तो असा

घाई करू नका. आधी ग्लास कोरडा करून उजेडाकडे धरा आणि सावकाश फिरवा. तडा असेल तर एखाद्या कोनातून तो चांदीच्या तारेसारखा चमकतो. सरळ बघून दिसत नाही, म्हणून फिरवणं महत्त्वाचं. मोबाइलचा टॉर्च बुडाखाली लावला तर बुडातला तडाही उघड होतो.

मग काठ. बोटाचं टोक एकदा पूर्ण फिरवा, पण हलक्या हाताने. टवका उडाला असेल तर तिथे नख अडतं. काही विक्रेते टवका घासून काठ सपाट करतात. हे ओळखायला सहाही ग्लास सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. घासलेला ग्लास किंचित बुटका दिसतो आणि त्याच्या काठाची गोलाई गेलेली असते.

पुढे टिचकी. ग्लास तळहातावर ठेवून काठाजवळ हलकेच मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक. ‘थड्’ असा बसका आवाज आला तर तडा असण्याची शक्यता आहे. जाड दाबकामाचा ग्लास मुळातच कमी वाजतो, म्हणून त्याची तुलना सेटमधल्या दुसऱ्या ग्लासशी करा, क्रिस्टलशी नको.

जगाला दोन कमकुवत जागा असतात: दांड्याचे दोन सांधे आणि चोच. दांडा जिथे पोटाला जुळतो तिथला तडा सगळ्यात धोक्याचा, कारण भरलेला जग उचलल्यावर सगळं वजन त्याच जागी येतं. तिथे शंका आली तर जग फुलदाणी म्हणून घ्या, सरबताला वापरू नका. सहा ग्लास मिळणं सोपं, धड जग मिळणं अवघड. म्हणून भाव करताना आधी जग बघावा आणि मग ग्लास मोजावेत.

सेट जुळवायचा असेल तर घरातल्या एका ग्लासची उंची, तोंडाचा व्यास आणि वजन वहीत लिहून ठेवा. तळाचा फोटोही असू द्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा यासाठी पुरतो. एकाच साच्यातले ग्लाससुद्धा काही ग्रॅमने कमी-जास्त भरतात, तेवढं चालतं. उंचीत फरक दिसला तर मात्र साचाच वेगळा.

वय सांगतं ते खोकं

काचेवर सहसा तारीख नसते. तळाला ‘येरा’ किंवा अशीच एखादी उठावाची अक्षरं असली तरी त्यातून कंपनी कळते, वर्ष नाही. वय सांगतं ते खोकं. म्हणून फाटकं खोकंही टाकू नये.

किंमत ‘नये पैसे’ अशी छापली असेल तर ती १९५७ ते १९६४ मधली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गळाला. पत्त्यात पिन कोड असेल तर खोकं १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘बॉम्बे स्टेट’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी. माप औंसात असेल तर बहुधा मेट्रिक पद्धत रुळण्यापूर्वीचं, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. एमआरपी छापलेली दिसली तर ते १९९० नंतरचं, आणि बारकोड दिसला तर मग जुनं म्हणून जादा पैसे मोजायचं कारण नाही. परदेशी वस्तूंवर देशाचं नाव बघा. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९९० पर्यंतची, ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे १९९२ अखेरपर्यंतची.

आपल्याकडे याहून चांगला पुरावा असतो तो आहेराच्या वहीत. कुणी काय दिलं हे लग्नघरात वहीत लिहून ठेवायची पद्धत होती, परतफेड लक्षात राहावी म्हणून. त्यात ‘लेमन सेट १’ आणि पुढे देणाऱ्याचं नाव सापडलं की वस्तूची जन्मकुंडलीच मिळाली. कधी खोक्यात आहेराची चिठ्ठीही तशीच असते. ती बाहेर काढू नका.

शोधायचं कुठे

पहिली जागा म्हणजे आपलंच घर. आई, आत्या, मामी यांना एकदा फोन करून विचारा. ‘मामी, माळ्यावर एखादा लेमन सेट आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे की, घेऊन जा बाबा, मला तेवढीच जागा होईल’ असं उत्तर येण्याची शक्यता चांगली आहे.

दुसरी जागा पुण्याचा जुना बाजार. मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ तो बुधवारी आणि रविवारी भरतो. काचवस्तू बहुधा जमिनीवर चादर पसरून, इतर सामानात मिसळून मांडलेल्या असतात. सकाळी लवकर गेलं तर निवडायला मिळतं, उशिरा गेलं तर भाव उतरतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही. भाव करताना वस्तूला नावं ठेवू नका. टवका दाखवा, मग किंमत विचारा. ‘काका, याच्या काठाला लागलंय बघा, याचं वेगळं सांगा’ एवढं पुरतं. मुंबईत हेच काम चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर होतं, पण तिथल्या दुकानदारांना मालाची पारख असते आणि भावही त्या पारखीचा असतो.

तिसरी जागा म्हणजे पेठांतल्या जुन्या वाड्यांचा आणि डेक्कन-कोथरूडच्या सोसायट्यांचा पुनर्विकास. घर रिकामं करताना काच सगळ्यात आधी भंगारात जाते, कारण तिला वजनाचा भाव कमी आणि हाताळायला ती त्रासाची. ओळखीच्या भंगारवाल्याला आणि पॅकर्सच्या माणसांना सांगून ठेवलं तर कळतं.

काच घेतली की ती मुळशीच्या घरापर्यंत धड न्यायची. चांदणी चौकातून पुढे भूगाव-भुकूम-पिरंगुटमार्गे पौडपर्यंत खड्डे आणि गतिरोधक काही कमी नाहीत. प्रत्येक ग्लास जुन्या सुती कापडात गुंडाळा, उभाच ठेवा, एकात एक घालू नका. जग वेगळा, दांड्याभोवती कापडाची जाड घडी. खोक्यात मोकळी जागा उरली की वस्तू एकमेकींवर आपटतात, ती बोळ्यांनी भरून काढा.

धुणं

सिंकमध्ये टॉवेल अंथरा किंवा प्लास्टिकचं घमेलं घ्या. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ स्पंज. एका वेळी एकच ग्लास. तारेची घासणी आणि घासायची पावडर वापरू नका. काचेवर बारीक चरे पडतात आणि पुढे तडा तिथूनच जातो. सोनेरी काठ असेल तर स्पंजही हलकाच. तो सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, घासला की गेला. असे ग्लास मायक्रोवेव्हमध्येही घालू नका, धातूमुळे ठिणग्या उडतात.

आतून पांढरट झालेला ग्लास बघून निराश होऊ नका. पांढुरकेपणा दोन प्रकारचा असतो. एक बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांचा. ग्लासात कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालून तासभर ठेवलं की तो निघतो. दुसरा काचेचाच पृष्ठभाग खराब झाल्याचा, आणि तो कशानेच निघत नाही. विकत घेताना व्हिनेगर बरोबर नसतं, म्हणून जो ग्लास धुकट दिसतो तो धुकटच राहील असं धरूनच भाव करा. निघाला तर फायदा आपला.

दोन ग्लास एकात एक अडकले असतील तर ओढाताण करू नका. आतल्या ग्लासात गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात बुडवा. आतला आकसतो, बाहेरचा किंचित फुगतो आणि ते सुटतात. बर्फ आणि उकळतं पाणी मात्र टाळा, सोडवायच्या नादात दोन्ही जातील.

मुळशीचा पाऊस आणि काच

आता मुख्य मुद्दा. ताम्हिणी घाट हा महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक. मुळशी धरणही याच पावसावर भरतं आणि त्याचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघराला जातं. जून ते सप्टेंबर इथल्या घरांत भिंती ओल्या, कपडे दमट, चामड्यावर बुरशी. शनिवार-रविवारचं घर असेल तर मधले पाच दिवस दारं-खिडक्या बंद. कापड-लाकडाची काळजी सगळे घेतात, काचेला काय होणार असं वाटतं.

काचेलाही होतं. साध्या काचेत सोडा असतो. पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बराच काळ टिकला की पाणी काचेतलं सोडियम हळूहळू बाहेर खेचतं. वाहतं पाणी ते धुऊन नेतं, म्हणून रोज वापरातल्या ग्लासला फारसं काही होत नाही. साचलेल्या ओलाव्यात मात्र ते तिथेच राहतं, तो ओलावा अल्कलीयुक्त होतो आणि मग काचेचा सिलिकाच पोखरू लागतो. परिणाम म्हणजे धुकट डाग, इंद्रधनुषी झाक आणि शेवटी कायमचा खरखरीतपणा. सोडा जास्त आणि चुना कमी पडलेल्या काचेत हे लवकर होतं. सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे ओलसर ग्लास एकात एक घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, बंद कपाटात ठेवणं. ग्लासांमधल्या फटीत पाणी अडकतं आणि कागद ओल धरून ठेवतो. दुर्दैवाने माळ्यावरच्या सेटची बांधाबांध बहुधा अशीच झालेली असते.

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी सगळी काच एकदा धुऊन, पुसून, दुपारभर पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. कपाट बाहेरच्या, विशेषतः पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लागून नसावं. असलंच तर मागे चार बोटं मोकळी जागा सोडा. ग्लास सरळ ठेवा. उपडे ठेवले की आत दमट हवा कोंडते आणि भार नेमका काठावर, म्हणजे सगळ्यात नाजूक जागी पडतो. धूळ नको असेल तर वरून सुती कापड टाका. प्रत्येक खणात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती ओल धरली की बदला. गणपतीत किंवा अधेमधे उघडीप मिळाली की कपाटाची दारं उघडी टाका. दसऱ्याला सगळे ग्लास पुन्हा काढून साध्या पाण्याने धुवा. मात्र याहून मोठा उपाय म्हणजे वापर: पावसाळ्यात दर आठवड्याला वापरून धुतलेला ग्लास बंद कपाटातल्या ग्लासपेक्षा चांगला टिकतो.

पाहुणे आल्यावर

जुने ग्लास बहुधा आजच्यापेक्षा लहान असतात. आधी पाणी ओतून मापून बघा. दोनशे मिलीचा ग्लास असेल तर सरबत त्या बेताने करावं. कोकम, पन्हं, पीयूष यांना हे माप नेमकं बसतं, कारण ही पेयं चवीने घ्यायची असतात. मठ्ठ्यासाठी जाड, थोडे मोठे ग्लास काढा.

गार आणि गरम यांत मात्र गल्लत नको. गरम पाण्याने नुकत्याच धुतलेल्या ग्लासात बर्फ टाकू नका, फ्रीजमधल्या ग्लासात गरम ओतू नका. जाड काचेची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या वेगाने तापते, एक प्रसरण पावते, दुसरी अडवते आणि ग्लास तडकतो. बोरोसिलसारखी बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती हे सोसते. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध द्यायचं तर ते बोरोसिलमध्येच द्या. लेमन सेटच वापरायचा हट्ट असेल तर ग्लास आधी कोमट पाण्याने शेकून घ्या, दूध वाफाळतं नको आणि थोडं थोडं ओता.

एक काळजी आरोग्याची. जुन्या ग्लासांवरच्या रंगीत फुलांत, पट्ट्यांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये रंगीत नक्षीचे ग्लास तपासले, तेव्हा नव्या-जुन्या दोन्ही ग्लासांवर ही द्रव्यं सापडली. आंबटाने ती सुटायला मदत होते आणि लेमन सेटमध्ये तर लिंबूच घालायचं असतं. म्हणून साधा नियम करा. नक्षी काठाच्या जवळ असेल, रंग उडत असेल तर तो ग्लास फुलांना किंवा मेणबत्तीला. पिण्यासाठी साधे, रंगाविना ग्लास. लहान मुलांच्या हातात रंगीत जुना ग्लास देऊच नये. शिशाच्या क्रिस्टलमध्ये वाइन किंवा सरबत ओतून तासाभरात संपवलं तर ठीक, पण डिकँटरमध्ये रात्रभर साठवून ठेवू नका.

एखादा ग्लास फुटेल हे धरूनच चाला. सहाचे पाच झाले म्हणून सेट बाद होत नाही. जुळता एकटा ग्लास जुन्या बाजारात पूर्ण सेटच्या मानाने खूप स्वस्त मिळतो. म्हणून दोन सुटे ग्लास आधीच जमवून ठेवणारा माणूस निर्धास्तपणे सरबत देतो.

घेण्याआधी एक कसोटी

दुकानात किंवा बाजारात ग्लास हातात असताना स्वतःला एकच विचारा: हा मी येत्या रविवारी पाहुण्याला देईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो ठेवून पुढे चला, कितीही दुर्मीळ असो. आणि घरातलं जुनं सामान आवरायची वेळ आली असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा. कुठला सेट कुणाच्या लग्नातला, कुणी दिलेला, ते विचारा आणि एका चिठ्ठीवर लिहून त्याच खोक्यात ठेवा. काच पुन्हा मिळेल, ही माहिती पुन्हा मिळणार नाही.